‘नव्या काबिजादी’ आणि जुने कागद



पेडणे, डिचोली, सत्तरी या महालांना पोर्तुगीज दप्तराने ‘नव्या काबिजादी’ म्हटले आणि आपणही वर्गात तेच नाव शिकवत आलो. तिसवाडी १५१० मध्ये त्यांच्या ताब्यात गेली. डिचोली १७८१ मध्ये, पेडणे १७८८ मध्ये. राजधानीच्या दृष्टीने हा आडवळणाचा मुलूख. पण दिवाडीचे देऊळ पाडले गेले तेव्हा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्यालाच आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे जीर्णोद्धार करविला. शके १५९०चा शिलालेख त्याची साक्ष देतो. पुढे पोर्तुगीज अंमल आला, तरी देवस्थानांचे व्यवहार आणि कीर्तने चालू राहिली, त्यांच्याबरोबर मराठीही.

पेडण्याची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, आमच्या गावाचा इतिहास पुस्तकात नाही.” मी तिला घरातले जुने कागद शोधायला सांगितले. तिने आणले, ते मोडीत होते. तिला वाचता येईनात, मीही अडखळलो. असे कागद अजून पेट्यांत आहेत, वाचणारे कमी. अकादमीने तालुक्यातालुक्यांत मोडीचे वर्ग घ्यावेत, एवढी विनंती करून थांबतो.