पुरुषांची कमजोरी : औषध कुठे आणि फसवणूक कुठे

आजचा विषय ऐकून घरात सासरे, दीर बसले असतील तर रेडिओचा आवाज थोडा कमी करावासा वाटेल. कमी करा, पण बंद करू नका. जमलं तर घरातल्या पुरुषांनाही ऐकू द्या, कारण बोलणं त्यांच्याबद्दलच आहे.

गटाच्या बैठकीत हिशेब झाला, वही मिटली, की मागे एखादी बाई रेंगाळते. चपला घालायला वेळ लावते. मग हळूच म्हणते, ‘ताई, घरवाल्यांना हल्ली जमत नाही.’ एवढंच. पुढचं आम्ही समजून घेतो. शहापूरकडे असो की मुरबाडकडे, कातकरी वाडी असो, ठाकरांची असो की कुणब्यांचं गाव, हे वाक्य आम्ही सगळीकडे ऐकलं आहे. पुरुषाच्या लिंगाला ताठरता न येणं किंवा आलेली न टिकणं, याला लोक ‘कमजोरी’ म्हणतात. रागाने ‘नामर्द’, ‘नपुंसक’ असे शब्दही वापरतात. आम्ही ते वापरणार नाही. सर्दी, मधुमेह, सांधेदुखी यांना आपण शिवी देत नाही, मग यालाच का?

आधी हे होतं कसं ते समजून घेऊ. ताठरता म्हणजे रक्त भरणं. मनात इच्छा झाली की मेंदूतून निरोप जातो, तिथल्या नसा सैल होतात, रक्त आत शिरतं आणि अडून राहतं. शेताला पाणी सोडल्यासारखंच आहे. पाट मोकळा पाहिजे, बांध नीट पाहिजे आणि पाणी सोडणारा माणूस शुद्धीवर पाहिजे. यातलं काहीही बिघडलं तर वाफ्यात पाणी पोचत नाही.

पाट कशाने बुजतो? मधुमेहाने, वाढलेल्या रक्तदाबाने, तंबाखूने. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बऱ्याच बारीक असतात. त्यामुळे सगळ्या अंगातल्या नळ्या आतून अरुंद होऊ लागल्या की त्रास आधी इथे दिसतो. छातीत दुखायला लागण्याच्या दोन-तीन वर्षं आधीसुद्धा दिसतो. म्हणून चाळीशी-पन्नाशीच्या माणसाची ही तक्रार आम्ही चेष्टेवारी नेत नाही. पुढे येणाऱ्या हृदयविकाराची ती आधी आलेली चिठ्ठी असू शकते.

तंबाखूचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे माणूस सकाळी चहाआधी मळतो. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. तंबाखूने नसा आकसतात. दारूचं उलटं आहे. थोडी घेतली की भीड जाते, म्हणून लोकांना वाटतं दारूने जोर येतो. रोज घेतली की नसा बधिर होतात, यकृत बिघडतं, पुरुषाला लागणारा संप्रेरक रस कमी होतो. मोहाची घ्या नाहीतर दुकानातली, शरीराला दोन्ही सारख्याच.

मग मन. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलं जोडपं, डोक्यावर शेठची उचल, झोपायला एक झोपडी, शेजारी तीन पोरं. तिथे कसली इच्छा आणि कसलं काय! कसाऱ्याहून पहाटेची लोकल धरून रात्री दहाला आसनगावला उतरणाऱ्या माणसाचंही तसंच. एकदा जमलं नाही की दुसऱ्या वेळी तो भीतीनेच आडवा होतो, आणि भीती ही ताठरतेची वैरीण आहे. यात एक सोपी खूण आहे. झोपेत किंवा पहाटे जाग येताना ताठरता येत असेल, तर शरीराचा पाट बहुधा ठीक आहे आणि काळजीचा भाग मोठा आहे. तीसुद्धा येत नसेल तर तपासणी लवकर करावी. एखाद्या दिवशी दमून जमलं नाही, हा आजार नव्हे. तीनेक महिने तसंच चाललं तर मात्र बघायला हवं.

आता फसवणुकीकडे येऊ, कारण आम्हाला खरा राग तिथे आहे. लोकलच्या डब्यात चिकटवलेले कागद आणि रुळाकडेच्या भिंतींवरची अक्षरं तुम्ही पाहिली असतील. ‘गुप्तरोग’, ‘खोई हुई ताकत’, ‘गॅरंटी’. रस्त्याकडेला तंबू ठोकून बाटल्या मांडलेल्या असतात. १९५४ साली आपल्या देशात औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा झाला. लैंगिक ताकद वाढवण्याची किंवा नपुंसकत्व बरं करण्याची जाहिरात करणं त्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे ती भिंत रंगवणाराच गुन्हेगार आहे, आणि लाजून मान खाली घालून जातो तो मात्र आपला माणूस.

मुरबाड तालुक्यातल्या एका मैत्रिणीने आम्हाला तिची गोष्ट सांगायची परवानगी दिली आहे, नाव न घेता. तिने गटातून शेळीसाठी आठ हजार उचलले होते. नवऱ्याने ते तंबूवाल्याला दिले. त्याने सोनेरी कागदातल्या पुड्या दिल्या, वर म्हणाला, ‘बायकोला सांगू नको, सांगितलंस तर गुण येणार नाही.’ चार दिवस फरक पडला, मग डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. पुड्या संपल्या, पैसे संपले. पुढे सहा महिन्यांनी पायाची जखम भरेना म्हणून दवाखान्यात नेलं, तेव्हा साखर तीनशेच्या वर निघाली. मूळ रोग तोच होता. तो अंगठा कापावा लागला. पहिल्या दिवशी बोटातून रक्ताचा एक थेंब तपासला असता तर शेळीही आली असती आणि अंगठाही राहिला असता.

चार दिवस फरक का पडला? अशा ‘जडीबुटी’च्या पुड्यांमध्ये पुष्कळदा सिल्डेनाफिल नावाची इंग्रजी गोळी कुटून घातलेली असते. देशोदेशीच्या तपासण्यांत हे पुन्हा पुन्हा सापडलं आहे. हे औषध खरं आहे. हृदयाच्या दुखण्यावर प्रयोग करताना त्याचा हा गुण लक्षात आला आणि १९९८ मध्ये ते अमेरिकेत बाजारात आलं. डॉक्टरांनी तपासून, मात्रा ठरवून दिलं तर अनेकांना उपयोगी पडतं. पण ज्याला हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी चालू आहे, त्याने हे घेतलं तर रक्तदाब एकदम कोसळतो, जीवसुद्धा जाऊ शकतो. पुडी खाणाऱ्याला आत काय आहे तेच ठाऊक नसतं.

‘मग आपल्या रानातलं औषध?’ असं तुम्ही विचाराल. सफेद मुसळी तुम्हाला आम्ही काय सांगावी! तिच्या शास्त्रीय नावात आपल्या शेजारच्या बोरिवलीचं नाव आहे. पहिल्या पावसात आपण फोडशीची भाजी करतो, कुणी तिला कुलू म्हणतात, ती याच कुळातली. मुसळीचे प्रयोग बहुतेक उंदरांवर झाले आहेत. माणसांवरचा भक्कम पुरावा अजून तोकडा आहे. अश्वगंधाने ताण थोडा हलका होतो असं काही अभ्यासांत दिसलं आहे, पण काही जणांच्या यकृताला त्याचा त्रासही झाला आहे. खाजकुयलीच्या बियांत मेंदूवर काम करणारं जोरदार द्रव्य असतं, ते मनाने घेऊ नये. भाजी भाजी म्हणून आवडीने खा. कंद मात्र ‘ताकदी’साठी उपटू नका. कंद गेला की रोप गेलं, आणि उपटणाऱ्या बाईच्या हाती पडतं ते व्यापाऱ्याच्या नफ्यापुढे काहीच नाही. वैद्याकडे जायचं तर पदवी असलेल्या, पावती देणाऱ्या वैद्याकडे जा आणि चालू असलेल्या गोळ्या त्यांना दाखवा.

नैसर्गिक उपाय म्हणून आम्ही ज्यावर बोट ठेवू, ते फुकटचे आहेत, म्हणूनच त्यांची जाहिरात कुणी करत नाही. तंबाखू सोडणं. दारू सोडणं. पोट सुटलं असेल तर ते उतरवणं. रोज अर्धा-पाऊण तास भरभर चालणं. हे जास्त करून दुकानात, गाडीवर, खुर्चीत बसून काम करणाऱ्यांना सांगतोय, भारे वाहणाऱ्याला चालायला काय सांगायचं, त्याला झोप आणि पोटभर डाळ-भाकर हवी. आणि एक व्यायाम. बाळंतपणानंतर नर्सताई आपल्याला लघवी अडवल्यासारखे स्नायू आवळायला सांगतात ना, तोच. पुरुषांनीही करायचा. पाच आकडे मोजेपर्यंत आवळायचं, सोडायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. तीन महिने न चुकता केला तर बऱ्याच पुरुषांना फायदा होतो.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होते. म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना सांगितलं की ते बदलून देतात.

‘धातू जातो’ या भीतीबद्दलही खूप जण विचारतात. झोपेत वीर्य गेल्याने किंवा लघवी चिकट दिसल्याने ताकद जात नाही. शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य होतो, हे खोटं आहे. आपल्या मराठीत र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात लोकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, त्यासाठी कोर्टात उभे राहिले, आणि डॉ. आंबेडकरांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं. तरी शंभर वर्षांनी तंबूवाला त्याच भीतीवर पोट भरतो आहे.

दुसरी भीती नसबंदीची. पुरुषाच्या नसबंदीत फक्त बीज नेणारी नळी बंद करतात. रक्ताच्या नळ्यांना हात लागत नाही, ताठरता जशीच्या तशी राहते. या खोट्या भीतीपायी आपल्या राज्यात शंभर जोडप्यांत एकाही पुरुषाची नसबंदी भरत नाही, सगळा भार बायांच्या पोटावर.

आणि मूल होत नाही म्हणून सुनेला भगताकडे नेण्याआधी मुलाला दवाखान्यात न्या. ताठरता आणि बीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नीट असूनही दुसरी कमी असू शकते, तेव्हा वीर्य तपासणी आधी व्हायला हवी, ती सुनेच्या तपासण्यांपेक्षा सोपी आहे. नवऱ्याला जमत नाही म्हणून तुमच्यावर संशय घेतला, हात उचलला, तर तो आजाराचा भाग नाही, ती मारहाणच आहे. गटात सांगा. आणि उपचारानंतर त्याला जमू लागलं तरी तुमची मर्जी विचारायला हवीच.

जायचं कुठे? तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आता ज्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात तिथे, फुकट तपासतात. आशाताईला फक्त ‘यांची साखर बघायची आहे’ एवढंच म्हणा, कारण विचारलं तर ‘थकवा येतो’ सांगा. पुढे शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय आहे. डॉक्टरांसमोर मात्र नवऱ्याने खरं बोलायचं, तंबाखू-दारूसकट, आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यायची. नुसती काळजीच खात असेल तर टेली मानसचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात, नाव सांगावं लागत नाही. तो नंबर वहीत लिहून ठेवा : एक, चार, चार, एक, सहा.