गोव्याचे बांध आणि गावची जबाबदारी

दरवर्षी ३० मे रोजी गोव्यात घटकराज्य दिन साजरा होतो. १९८७ साली याच दिवशी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाले. ध्वज, भाषणे व सत्कार हे सारे यथोचितच. परंतु राज्य म्हणजे केवळ सचिवालय नव्हे. गोव्याच्या सार्वजनिक जीवनाचे मूळ पाहावयाचे असेल, तर खाडीकाठच्या खाजन शेतीकडे वळले पाहिजे.

भरतीचे खारे पाणी जेथे पसरे, तेथे पूर्वजांनी माती व दगड यांचे बांध घातले आणि पाण्याच्या वाटेवर ‘मानस’ म्हणजे लाकडी दारे बसविली. भरतीच्या रेट्याने ती मिटतात, ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. अशा जमिनीत खारेपण सोसणारे कोरगूट भात पिकू लागले. मात्र बांध राखणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. तो फुटला की हे शेत कोणाचे, असे विचारून पाणी आत शिरत नाही. म्हणून जमीन सामाईक राखून तिच्या उत्पन्नातून गावाची कामे चालविणारी गावकारी उभी राहिली. पोर्तुगीज येण्यापूर्वीच ती रूढ होती. १५२६ च्या ‘फोराल’ या सनदेत तिचे रीतिरिवाज नोंदले गेले. पुढे ती ‘कोमुनिदाद’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

या संस्थेचे दोषही झाकू नयेत. सभेत बसण्याचा मान मूळ घराण्यांतील पुरुषांचा होता. राबणाऱ्या कुळांना व स्त्रियांना तेथे स्थान नव्हते. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळांना संरक्षण दिले, हे न्याय्यच झाले. पण जुनी व्यवस्था मोडली, तेवढ्या भक्कमपणे नवी उभी राहिली नाही. बांधाची काळजी कोणी वाहावी, हा प्रश्न अनेक गावांत लोंबकळत राहिला. बांध खचले, खारे पाणी शेतात शिरले आणि कित्येक ठिकाणी भाताच्या जागी खारफुटी वाढली.

आज ग्रामसभेत गावच्या प्रत्येक मतदाराला, स्त्रीला आणि पुरुषाला, सारखाच हक्क आहे. पूर्वजांनी जे मोजक्यांपुरते ठेवले, ते कायद्याने सर्वांचे केले. हक्क वाढला, त्या प्रमाणात कर्तव्यही वाढावयास हवे. घटकराज्य दिनानंतर सुमारे आठवडाभराने मृग लागतो. त्यापूर्वी गावकऱ्यांनी एकत्र जमून आपला बांध एकदा टोकापर्यंत चालून पाहिला आणि पडलेली भगदाडे बुजविली, तर राज्याच्या वर्धापनदिनाचा तो खरा सोहळा ठरेल.