दोन बाजू आणि एक दिशा

आकृती मधोमध दुमडली असता तिच्या दोन्ही बाजू तंतोतंत जुळाव्यात, यात मनुष्याला फार पूर्वीपासून सौंदर्य दिसत आले आहे. प्राण्यांच्या शरीराविषयी बोलताना मात्र हा सौंदर्यविचार क्षणभर बाजूला ठेवावा, अशी माझी विनंती आहे. हा प्राणी कोठे जातो, आणि त्याला काय कळावे लागते, हे दोन प्रश्न येथे अधिक उपयोगाचे आहेत.

समुद्रपुष्प खडकाला चिकटून राहते. भक्ष्य कोणत्याही बाजूने येऊ शकते. म्हणून त्याच्या मुखाभोवती संस्पर्शकांचे वर्तुळ असते. जो प्राणी एका दिशेने चालू लागतो, त्याची गोष्ट निराळी. त्याचे एक टोक नव्या प्रदेशाला सर्वांत आधी भिडते. मुख, डोळे आणि मेंदू तेथेच गोळा होतात. गुरुत्वाकर्षणामुळे पाठ आणि पोट यांचे काम वेगळे होते. उरतात फक्त डावे आणि उजवे. त्या दोहोंत फरक करण्यास कारण नसते. उलट एका बाजूचे पाय आखूड असते, तर प्राणी गोल गोल फिरत राहिला असता.

जुन्या ग्रंथकारांनी अरीय सममिती ही खालची आणि द्विपार्श्व सममिती ही वरची पायरी मानली. ही उतरंड मला मान्य नाही, आणि तारामीन माझ्या बाजूने साक्ष देतो. त्याचे पूर्वज द्विपार्श्व होते. त्याचा पोहणारा डिंभ आजही तसाच असतो. समुद्रतळावर स्थिरावल्यावर तो रूप पालटतो आणि पाच बाहूंचा होतो. मग कोणताही बाहू पुढे होऊन वाट दाखवू शकतो, आणि प्रत्येकाच्या टोकाशी प्रकाश ओळखणारा एक ठिपका असतो.

पण ऐकण्याच्या बाबतीत निर्दोष सममिती ही अडचण ठरते. आवाज उजवीकडून आला, तर तो उजव्या कानाला क्षणभर आधी पोहोचतो; दिशा कळते. तोच आवाज बरोबर समोरून, पण वरून किंवा खालून आला तर? दोन्ही कानांना तो एकाच वेळी आणि सारखाच ऐकू येईल. अंधारात उंदीर पकडणाऱ्या गव्हाणी घुबडाला एवढे अज्ञान परवडणारे नाही. त्याच्या चेहऱ्यावरील पिसांखाली डाव्या कानाचे छिद्र उजव्यापेक्षा वर असते आणि त्याचा रोख खाली असतो; उजव्याचा रोख वर असतो. खालचा आवाज डाव्या कानाला मोठा वाटतो, वरचा उजव्याला. एरिक नुडसेन आणि मासाकाझू कोनिशी यांनी १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात या पक्ष्यावर प्रयोग केले. डाव्या कानात बोळा घातला की घुबड आवाजाच्या खऱ्या जागेच्या वर नेम धरी. उजव्या कानात घातला की खाली. १९७८ मध्ये त्यांनी त्याच्या मेंदूत या श्रवणक्षेत्राचा जणू नकाशाच सापडल्याचे प्रसिद्ध केले.

येथे एक गोष्ट मला विशेष वाटते. हा वाकडेपणा घुबडाच्या अंगभर पसरलेला नाही. उडण्यासाठी दोन पंख सारखेच लागतात, आणि ते सारखेच आहेत. कवटीसुद्धा समतोल आहे. फरक आहे तो कानांच्या छिद्रांत आणि त्यांवरील त्वचेच्या पडद्यांत. वरून पिसे असल्याने पाहणाऱ्याला तो दिसतही नाही.