अंतरपाट आणि उसाचा रस

परिषदेचे अध्यक्ष महोदय, मान्यवर पाहुणे आणि गावोगावहून आलेल्या विज्ञान शिक्षक बंधुभगिनींनो,

जांब समर्थच्या ग्रामस्थांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. समर्थ रामदास १६०८ साली याच गावी जन्मले. बोहल्यावर ‘सावधान’ ऐकताच ते निघून गेले, ही परंपरेची कथा इथे लहान मूलही सांगते.

परिषदेचा विषय आहे ध्रुवीकरण. तो आम्ही उंबऱ्यावर पाहिला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले. जून २०२४ मध्ये त्याच अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीत ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी. दोन्हीकडे बसलेली माणसे आमचीच. मागणी मांडणे हा सर्वांचा हक्क आहे. पण बांधाला बांध असलेली माणसे एकमेकांना आडनावावरून जोखू लागली, याचे मला फार दुःख आहे.

तुमच्या विज्ञानात हा शब्द प्रकाशासाठी वापरतात. १८०८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मालूस यांनी पॅरिसमधल्या राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारा सूर्यप्रकाश स्फटिकातून पाहिला आणि त्यात दिसलेल्या गुणाला पुढे ध्रुवीकरण हे नाव दिले. साध्या प्रकाशाची कंपने सर्व दिशांना होतात. ध्रुवक त्यांतली एकच दिशा पुढे सोडतो. माणसाचेही तसेच होते. तो शेतकरी असतो, वारकरी असतो, कुणाचा मामा असतो; गाळणीपलीकडे जातो तेव्हा फक्त जात उरते. अशा दोन गाळण्या काटकोनात आल्या, की पलीकडे अंधार.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा ‘पोल’, म्हणजे साखरेचे प्रमाण, काढतात, तेव्हा हाच अंधार उजळतो. काटकोनातल्या दोन ध्रुवकांमध्ये रसाची नळी ठेवली, की साखर प्रकाशाचे कंपनप्रतल वळवते आणि पलीकडे उजेड दिसू लागतो. प्रतल किती वळले, यावरून गोडी मोजतात. उजेड दिसू लागतो तेव्हा दोन्ही ध्रुवक मात्र जागचे हललेले नसतात.

शिक्षकांनो, तुमच्या वर्गात दोन्ही बाजूंच्या घरांतली मुले एका बाकावर बसतात. त्या नळीची जागा तुमची आहे. कुणाचे मत पुसू नका. मुलांना एकमेकांचे म्हणणे ऐकायची सवय लावा.

‘सावधान’ हा शब्द अंतरपाटापाशी उच्चारतात, आणि अंतरपाट शेवटी दूर करायचाच असतो. दुपारच्या पंगतीत अनोळखी माणसाशेजारी बसावे, एवढी यजमान म्हणून विनंती करतो आणि पुन्हा एकदा आपले स्वागत करतो.