बेंजोची बाजू



२०१६ च्या सप्टेंबरात रवी जाधव यांचा ‘बॅन्जो’ हा हिंदी चित्रपट आला. मिरवणुकीत बेंजो वाजवणारा मुंबईच्या वस्तीतला एक मुलगा आणि त्याच्या वाद्याचा आवाज ऐकून त्याला शोधत अमेरिकेहून आलेली एक मुलगी, अशी ती गोष्ट. परीक्षणं बहुतेक प्रतिकूल आली आणि चित्रपट चालला नाही. कथा ठरावीक वळणाची होती, हे मलाही मान्य आहे. पण त्या पडझडीत त्याचा गाण्यांचा अल्बमही गेला. नायकाच्या हातात बेंजो देऊन हिंदी सिनेमानं या वाद्याला जी जागा देऊ केली होती, तीही गेली. मला आज त्या अल्बमची आणि त्याहून जास्त त्या वाद्याची बाजू मांडायची आहे.

चित्रपटाचं संगीत विशाल-शेखर यांचं. यातले विशाल ददलानी मुळात पेंटाग्राम या मुंबईच्या रॉक बँडचे गायक. रॉकमधला माणूस बेंजोकडे वळला यात मला नवल वाटत नाही, कारण बेंजो पार्टी हा मुंबईच्या गिरणगावानं स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला रॉक बँडच आहे. चाळीतली पाच-सहा मुलं एकत्र येतात. पाठीशी ना रेकॉर्ड कंपनी, ना घराणं. तारांना पिकअप बसवतात, ॲम्प्लिफायर जोडतात, सोबत ढोलकी, ताशा, ऑक्टोपॅड घेतात आणि टेम्पोवर जनरेटर चढवून रस्त्यावर उतरतात.

हे वाद्य आलं जपानहून. १९१२ च्या सुमारास नागोयाच्या मोरिता गोरो यांनी तारवाद्याला टाइपरायटरसारख्या कळा बसवून ताइशोगोतो तयार केलं. भारतात ते बुलबुल तरंग झालं आणि आपल्या गल्ल्यांत बेंजो. एका हातानं कळा दाबायच्या, दुसऱ्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. कळ ठरलेल्या जागीच तार दाबते, त्यामुळे सतारीसारखी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, निघत नाही. जाणकारांचा पहिला आक्षेप इथेच असतो. हाच आक्षेप एकेकाळी पेटीवर होता. १९४० मध्ये आकाशवाणीनं हार्मोनियमला दार बंद केलं आणि ते पुन्हा उघडायला १९७१ साल उजाडलं. गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकानं पेटीतून काय काढून दाखवलं होतं, हे महाराष्ट्राला ठाऊक असूनही!

बेंजोवाला मींडीची उणीव भरून काढतो ती नखीच्या वेगानं. कळ दाबून धरायची आणि तार इतक्या झपाट्यानं छेडायची की तुटक सूर सलग वाटू लागतो. ही ताकद मनगटात यायला वर्षं जातात. आवाज कर्कश आहे म्हणतात. पण ताशाच्या कडकडाटातून आणि हजार माणसांच्या गलक्यातून वर निघायला तसाच धारदार सूर लागतो. मऊ सूर चिंचपोकळीच्या पुलावर पहिल्या दहा पावलांतच बुडून जाईल. चाली उसन्या असतात, हेही खरं. पण कोळीगीतातून आरतीत आणि आरतीतून सिनेमाच्या गाण्यात ठेका न तोडता शिरायचं, गणपतीची मूर्ती वळणावर अडकली की लय धरून ठेवायची, ट्रॉली हलली की चढवायची, नाचणाऱ्यांचे पाय थकले हे ओळखून चाल बदलायची, हे सगळं त्या वादकाचं स्वतःचं असतं. बंद खोलीत ऐकलेल्या ध्वनिमुद्रणात यातलं काही हाती लागत नाही.

ऐकणाऱ्यानं आधीच ठरवलेल्या अपेक्षेमुळे कलाकृती मार खाते, असं सगळीकडे घडतं. वीझर या अमेरिकन बँडचा ‘पिंकर्टन’ हा अल्बम १९९६ मध्ये आला, तेव्हा ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी त्याला वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत बसवलं. त्याच मासिकानं २००४ मध्ये त्याला पाच तारे दिले. अल्बमचा एक सूरही बदलला नव्हता.

आपल्याकडे मात्र प्रश्न नुसत्या कानाचा नाही. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लब सुरू झाला. तिथे रॉक ऐकायला लोक तिकीट काढून जात, आणि तिथे वाजलेल्या बँडची नावं दुसऱ्या दिवशी इंग्रजी पेपरात येत. गिरणगावातल्याच रस्त्यावर वाजवणाऱ्या मुलांना ‘छपरी’ म्हणतात. दोन्हीकडे वीज, तारा आणि तरुण पोरंच. हा भेद मला सहन होत नाही. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव गाजत होता. शेजारी रुग्णालयं आणि कॉलेज असल्यानं शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तिथला आवाज थांबला, तेव्हा शहरातल्या रसिकांनी हळहळ व्यक्त केली. नियम बेंजोलाही लागू आहे आणि असायलाच हवा. रुग्णालयाच्या दारात किंवा रात्री दहानंतर भोंगे नकोतच. पण एखादी बेंजो पार्टी बंद पडली, तर तिच्यासाठी कोणी चार ओळी लिहीत नाही.

समीक्षकांकडे माझं मागणं आहे. गणपतीच्या आधी परळ-लालबागच्या कार्यशाळांतून मूर्ती निघतात, त्या आगमनाच्या दिवशी पार्टीबरोबर तासभर चाला. वादकाचं नाव विचारा आणि छापा. कोण लय चढवताना घाई करतो, कोणाची ढोलकी बेंजोला गिळून टाकते, कोणाच्या हातात आरतीची चाल खुलते, ते लिहा. वाजवणं वाईट असेल तर तसंही लिहा, पण ऐकून लिहा.