इंग्रजी कादंबरी आणि आपले घर
(वार्षिक स्नेहसंमेलन, सांगली येथील भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी कादंबऱ्या आम्ही कोश मांडीवर घेऊनच वाचल्या. तरी जेन ऑस्टिनबाईंची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (1813) वाचताना परक्या घरी गेल्यासारखे आम्हांस वाटले नाही. पाच उपवर मुली, मुलगा नाही म्हणून भाऊबंदाकडे जाणारी मिळकत, आणि स्थळांच्या चिंतेने कासावीस झालेली आई! असे घर साताऱ्याच्या कोणत्याही पेठेत सापडावे. 2004 साली चित्रपटवाल्यांनी ते अमृतसरला नेले. तेथेही ते सहज रुजले.

मात्र एका ठिकाणी त्यांचा हात अडखळतो. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर'मधील (1847) अनाथ शिक्षिका परक्या घरी चाकरीस जाते व मालकावर प्रेम करते. परंतु त्याची पहिली बायको हयात असल्याचे ऐन लग्नाच्या वेळी कळताच, त्याच्या विनवण्यांस न जुमानता ती एकटी बाहेर पडते. या कथेवरील 'संगदिल' (1952) या हिंदी चित्रपटात दिलीपकुमार व मधुबाला यांस बालपणीचे सोबती करण्यात आले. मुलीने अनोळखी पुरुष आपण होऊन निवडावा, हे प्रेक्षकांस पचणार नाही, असे वाटले असावे.

याहून धीट पाऊल पूर्वीच आपल्या मुलखातील लेखकाने टाकले होते. नारायण हरी आपटे सांगलीजवळच्या समडोळीचे, पुढे साताऱ्याकडे कोरेगावास राहिलेले. त्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून प्रभातने 1937 साली 'कुंकू' काढला. त्यातील नीरा वृद्ध वकिलाशी फसवून लावलेले लग्न मानीतच नाही. आणि हीच नीरा लाँगफेलो या अमेरिकन कवीची कविता इंग्रजीतून गाते! किती प्रेक्षकांस ती कळली असेल? न कळो, शांता आपट्यांच्या स्वरातील ताठा कळण्यास कोश लागत नाही.

आता आमच्याच कसुरीची हकीकत. तीस वर्षांपूर्वी एक माजी विद्यार्थिनी आमच्याकडून 'जेन एअर'ची संक्षिप्त आवृत्ती घेऊन गेली. पुढे तिला आपल्याच ज्ञातीतील एक बिजवर सांगून आला. तिने नकार दिला. वडील आमच्याकडे आले, "मास्तर, तुमच्या पुस्तकाने पोर बिघडली." आम्ही तिला वडिलांचे ऐकण्यास सांगितले. ती एवढेच म्हणाली, "गुरुजी, मग हे पुस्तक मला दिलेत कशाला?" उत्तर सुचले नाही. पुस्तक ठेवून ती गेली, आणि महिनाभराने तिचे लग्न झाले. अक्षता टाकण्यास आम्हीही होतो.

आपल्या मंडळाच्या वधूवर नोंदवहीत पत्रिका, गोत्र, उंची, वर्ण असे रकाने आहेत. मुलीच्या संमतीचा नाही. तो यंदापासून घालावा, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे दिली आहे.