बेस गिटारसाठीं ध्वनिवर्धक व पेडलें निवडतांना



आजचा विषय घरगुती आहे असें म्हटलें तर आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु मुंबई-पुण्यांत आज अशीं घरें थोडीं नाहींत, कीं जेथें सोळा-सतरा वर्षांच्या मुलानें किंवा मुलीनें चार जाड तारांची, लांब मानेची गिटार आणली आहे. आणि वाद्याचा खर्च सोसून झाला, आतां सुटलों, असें वडील मंडळींनीं समजावें, तोंच दुसरी यादी पुढें आली आहे. ॲम्प्लिफायर हवा, कॅबिनेट हवें, पायानें दाबावयाचीं पेडलें हवींत. ही यादी पुष्कळदां वाद्याच्या किंमतीच्या दुपटी-तिपटीवर जाते. तींतील कोणती वस्तु आधीं घ्यावी, कोणती मागाहून आणि कोणती मुळींच घेऊं नये, एवढेंच मी आज सांगणार आहें. माझें मत आरंभींच सांगून टाकतों. पैसा प्रथम हवा हलविणाऱ्या वस्तूवर खर्च करावा. आवाजास रंग देणाऱ्या वस्तूंची पाळी त्यानंतर.

बेस गिटार हें वाद्य वयानें तरुण आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें लिओ फेंडर यांनीं १९५१ मध्यें ‘प्रिसिजन बेस’ विक्रीस काढला. त्यापूर्वीं वाद्यवृंदांतील खर्जाचें काम पुरुषभर उंचीचा डबल बेस करीत असे. त्याच्या पोकळ पोटांत आवाज घुमे. फेंडर यांच्या वाद्याचें अंग मात्र भरीव लांकडाचें. विजेविना तें वाजविलें तर शेजारच्या खोलींतही धड ऐकूं जात नाहीं. म्हणून १९५२ मध्यें त्यांनीं ‘बेसमन’ नांवाचा स्वतंत्र ॲम्प्लिफायर काढला. डबल बेसचें पोट जणूं वेगळें काढून शेजारीं ठेविलें. आपल्याकडे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ हे बेस गिटार वाजवीत असत. त्या गीतांच्या चाली आपणांस तोंडपाठ असतील, परंतु त्यांच्या तळाशीं हा आवाज चालला आहे हें कित्येकांच्या ध्यानांतही आलें नसेल.

आतां थोडें शास्त्र सांगणें भाग आहे. साध्या गिटारीची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ८२ आंदोलनें करते, बेसची ४१. पांच तारांचा बेस असेल तर ३१. एकाच स्पीकरमधून तितक्याच जोराचा स्वर एक सप्तक खालीं काढावयाचा, तर त्याच्या कागदी पडद्यास चौपट अंतर पुढें-मागें हलावें लागतें. त्यांतून माणसाचा कान खर्जाच्या बाबतींत मंद. मधल्या स्वरांइतका खर्ज ऐकूं यावा म्हणून त्याला अधिक जोर द्यावा लागतो. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे हिशेब उघड होतो. ज्या मंडळींत साधी गिटार वीस-तीस वॅटच्या यंत्रावर सहज भागते, तेथें बेसला दोनशें-तीनशें वॅट लागतात. म्हणून दादाचा जुना गिटारचा ॲम्प्लिफायर बेसलाही चालेल काय, ह्या प्रश्नाचें उत्तर असें आहे कीं, हळू आवाजांत खुशाल चालेल. मोठा केला तर त्याच्या स्पीकरचा पडदा फाटण्याचा संभव आहे.

येथें आपण विचाराल, कीं आमच्या हातांतील लहानशा रेडिओवरही बेस ऐकूं येतो तो कसा? प्रश्न योग्य आहे. ह्या क्षणीं माझे शब्द ज्या इवल्याशा स्पीकरमधून आपल्या कानीं पडत आहेत, त्याला ४१ आंदोलनांचा स्वर काढतां येतच नाहीं. तो त्याच स्वराचे वरचे उपस्वर, ८२, १२३, १६४ असे, काढतो आणि त्यांवरून मूळ स्वर कोणता हें आपला मेंदू ताडतो. स्वर ओळखूं येतो, पण त्याचें वजन छातीस लागत नाहीं. स्वस्त व चिमुकल्या ॲम्प्लिफायरवर जी समजूत पटते, ती सभागृहांत पटत नाहीं, त्याचें कारण हेंच.

वॅटच्या आंकड्यावर मात्र भाळूं नये. शंभर वॅटच्या जागीं दोनशें वॅट घेतले तर आवाज दुप्पट होत नाहीं. तीन डेसिबल वाढतो, म्हणजे कानास जेमतेम फरक कळतो. दुप्पट वाटावयास दसपट शक्ति लागते. उलट, तितक्याच शक्तींत अधिक जोरानें बोलणारें कॅबिनेट निवडलें, तर तोच लाभ फुकट पदरांत पडतो. दुकानदारास वॅट विचारतां तसें कॅबिनेटचें डेसिबलमधील माप अवश्य विचारा. ओहमचें मापही विचारा. आठ ओहमचीं दोन कॅबिनेटें समांतर जोडलीं म्हणजे यंत्रावर चार ओहमचा भार पडतो, आणि जें यंत्र चाराखालीं चालवूं नये असें निर्मात्यानें लिहिलें आहे त्याला तिसरें कॅबिनेट जोडणें हा शुद्ध अविचार होय.

पूर्वीं जड यंत्र तें उत्तम यंत्र असा समज होता आणि त्यांत तथ्यही होतें. १९६९ मध्यें अँपेग कंपनीनें काढलेला ‘एसव्हीटी’ हा तीनशें वॅटचा, काचेच्या व्हॉल्व्हांचा ॲम्प्लिफायर व त्याचें दहा इंची आठ स्पीकरांचें कॅबिनेट हे अनेक मोठ्या रंगमंचांचे आधारस्तंभ झाले. त्यांच्या आवाजाचें कौतुक मीही करतों; दोन जिने चढवून नेण्याचें कौतुक मला नाहीं. आतां ‘क्लास डी’ पद्धतीचीं दोन-तीन किलोंचीं यंत्रें पांचशें वॅट देतात. वजनावरून पारख करण्याचे दिवस गेले.

पारख करावयाची ती कानानें, आणि आपलेंच वाद्य नेऊन. खालच्या मोकळ्या तारेपासून एकेक स्वर सावकाश वर चढत जा. एखादा स्वर एकाएकीं फुगतो काय, दुसरा गडप होतो काय, पेटीची फळी खडखडते काय, हें पाहा. आणि पेटीस चिकटून उभे राहूं नका. त्या खालच्या स्वराची लहर आठ मीटरांहून लांब असते, चार पावलें मागें जाऊन ऐका. आणखी एक फसवणूक सांभाळा. दुकानांत एकट्यानें वाजवितांना जो गुबगुबीत आवाज फार गोड लागतो, तोच ड्रम व दोन गिटारी सुरू होतांच चिखलांत पाय रुतावा तसा नाहींसा होतो. मंडळींत ऐकूं येतो तो मधल्या पट्टीचा थोडा कणखरपणा. म्हणून मधला भाग वेगळा कमी-जास्त करण्याची सोय ज्या यंत्रांत नाहीं, तें मी घेऊं देणार नाहीं.

घरांत सराव करण्यास मोठें कॅबिनेट मुळींच नको. भिंत उंच स्वर अडविते, खर्ज अडवीत नाहीं. शेजारच्या बैठकींतील गवयाचे शब्द आपणांस कळत नाहींत, पण डग्गा मात्र उशीपर्यंत येतो. वीस-तीस वॅटचें लहान यंत्र, हेडफोनची सोय असलेलें, हें सराव करणाऱ्यास पुरे आणि खालच्या बिऱ्हाडासही सुखाचें.

सभागृहाची गोष्ट वेगळी. तेथें बहुधा सभागृहाचेच मोठे स्पीकर असतात, आणि बेसचा आवाज ‘डीआय’ नांवाच्या लहान डबींतून सरळ मिश्रणयंत्राकडे देतां येतो. ही पळवाट नव्हे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत जेम्स जेमर्सन यांचा बेस पुष्कळदां असाच थेट यंत्रांत घेतला जाई, आणि त्या वादनाचा आजही अभ्यास होतो. म्हणून पेडलांपैकीं पहिलें घ्यावयाचें तें सूर लावण्याचें ट्यूनर, आणि दुसरें डीआयची सोय असलेलें प्रीॲम्प. हीं दोन असलीं म्हणजे कोणत्याही सभागृहांत रिकाम्या हातानें जाण्याचा प्रसंग येत नाहीं. तिसरें कॉम्प्रेसर, तें जोराचा आघात दाबतें व हलका वर उचलतें, परंतु हात तयार होण्यापूर्वीं घेतलें तर हाताचे दोष झांकून ठेवतें. त्यास वर्षभर थांबवावें.

रंगाच्या पेडलांकडे मुलांचें मन फार ओढतें, आणि त्यांतही आवाज फाडणाऱ्या ‘फझ’कडे. त्याचा जन्म ऐकण्यासारखा आहे. १९६१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ ह्या गाण्याच्या वेळीं, नॅशव्हिल येथें, ग्रॅडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवीत असतां मिश्रणयंत्राचा एक भाग बिघडला आणि सूर भुंग्यासारखा घरघरूं लागला. तो तसाच ठेवण्यांत आला. पुढें ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनीं तोच परिणाम मुद्दाम घडविणारें मंडल सिद्ध केलें, व गिब्सन कंपनीनें १९६२ मध्यें तें ‘मेस्ट्रो फझटोन’ म्हणून विकावयास काढलें. जन्म असा खर्जाच्या वाद्यावर झाला तरी पुढील बहुतेक पेडलें साध्या गिटारीच्या हिशेबानें घडलीं, आणि त्यांतील कित्येक खालचे स्वर गाळून टाकतात. कांहीं मात्र बेसवर उत्तम चालतात; नांवावरून ठरवूं नये. कसोटी एकच: सगळी मंडळी वाजवीत असतां पेडल दाबा, आणि पायाखालची जमीन नाहींशी झाली असें इतरांस वाटतें काय तें त्यांनाच विचारा. वाटत असेल, तर ज्यांत मूळ कोरडा आवाज हवा तितका मिसळण्याची कळ आहे असें पेडल पाहावें. कोरसलाही हीच कसोटी. खालच्या स्वरांवर तें सूर डळमळवितें. सप्तक उतरविणारें पेडल एका वेळीं एकच स्वच्छ स्वर मागतें व अगदीं खालच्या तारेवर गोंधळतें. बूट्सी कॉलिन्स यांनीं गाजविलेलें, आघाताबरोबर तोंड उघडून मिटल्यासारखा आवाज करणारें फिल्टर मोठें मौजेचें आहे. पण तें कॉम्प्रेसरच्या पुढें जोडावें, नाहीं तर त्याला आघातांतील फरकच कळत नाहीं.

शेवटीं विजेविषयीं. परदेशांतील आप्त प्रेमानें एखादें यंत्र आणतात. अमेरिकेंतील वीज १२० व्होल्टची, आपली २३०. मागची पाटी न वाचतां तें येथें लावणें म्हणजे तें जाळणें. पेडलें बहुधा ९ व्होल्टवर चालतात, तरी प्लगाचें मधलें टोंक ऋण कीं धन हें प्रत्येकावर पाहावें. आपल्या विजेची घरघर सेकंदास ५० आंदोलनांची, आणि बेसच्या खालच्या तारेवरील तिसऱ्या पट्टीचा स्वर ४९ चा. त्यामुळें ही घरघर आपल्या वाद्याच्या स्वरांतच मिसळून बसते व ओळखूं येत नाहीं. ती घालविण्यासाठीं कोणी अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देतील. तो कदापि ऐकूं नये. त्यांत जिवास धोका आहे. पेडलांना एकमेकांपासून अलग वीज देणारा पुरवठा घ्यावा, आणि तरीही घरघर राहिली तर वायरमनला बोलावून घरचें अर्थिंग तपासून घ्यावें. आणि कॅबिनेटचे पैसे देण्यापूर्वीं आपल्या लिफ्टच्या दाराची रुंदी मोजून ठेवावी.